खोलीत कोण होतं

टूरे बोटींच्या आवारात पोचला तेव्हा हेनिंग आपल्या बोटीच्या पोटाखाली उकिडवा बसून जुना रंग खरवडत होता. एप्रिल लागला की अर्धं स्टॉकहोम हेच करतं. उपड्या बादलीवरच्या रेडिओवर एका गाण्याचे पहिले सूर वाजले, आणि हेनिंगने हात लांबवून रेडिओ बंद केला.

टूरेचंच गाणं होतं ते. म्हणजे, नाव त्याचं होतं.

“या या, थोर संगीतकार!” हेनिंग म्हणाला. “बूट सांभाळ रे बाबा, हा रंग लागला तर निघायचा नाही.”

“बऱ्याच दिवसांनी आलो.”

“सात महिन्यांनी. ती दुसरी खरवडायची पट्टी घे आणि लाग कामाला. नुसतं उभं राहायचं नाही इथे.”

टूरे मुकाट्याने खरवडू लागला. अठरा वर्षं दोघांनी एका तळघरातल्या स्टुडिओत गाणी केली होती. टूरे पियानोवर बसायचा, हेनिंग गुणगुणायचा. कुठून कुठून नवखे लोक आपली गाणी ऐकायला पाठवत. ती ऐकून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने नकाराचं पत्र लिहायचं कामही हेनिंगकडेच होतं. टूरेला तेवढा धीर कुठला!

मग दीपगृहातल्या मुलीवरच्या एका सिनेमाचं काम आलं. दिग्दर्शिकेला आठवड्यात गाणं हवं होतं आणि ध्रुवपद काही केल्या जमेना. सोमवारी हेनिंग कॉफी ओतता ओतता सहज काहीतरी गुणगुणला.

“परत म्हण!” टूरे ओरडलाच. त्याने ते फोनवर टिपून घेतलं.

हेनिंगने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, “सोड रे. ही चाल नको.”

“वेडा आहेस का? हीच पाहिजे!”

मंगळवारी टूरे तीच चाल पियानोवर घोळवत बसला होता. अडीच वाजता हेनिंगने कोट चढवला. “एब्बाला पाळणाघरातून आणायचंय.”

“आज मंगळवार. आज सोल्वेगचा वार ना?” सोल्वेग म्हणजे हेनिंगची बायको. मुलीला आणायचे वार दोघांनी वाटून घेतले होते आणि त्यात सहसा बदल नसे.

“असू दे. मीच जातो.”

तो गेला आणि तासाभरात गाणं पुरं झालं.

आता या धंद्यात एक रीत आहे. गाणं जन्मतं तेव्हा खोलीत जो असेल, तो त्याचा संगीतकार. कोपऱ्यात बसून नुसते दालचिनीचे पाव खाल्ले तरी नाव लागतं. बाहेर असलात तर नाही. सिनेमावाल्यांचा कागद आला तेव्हा टूरेने एकच नाव लिहिलं आणि फोनमधली सोमवारची गुणगुण पुसून टाकली. अठरा वर्षं प्रत्येक गाण्यावर जोडीने नाव होतं. एकदा, फक्त एकदाच, त्याला एकट्याचं नाव बघायचं होतं. मी रीत मोडलेली नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला.

गाणं तुफान गाजलं. दुकानात ते वाजायला लागलं की टूरे भरलेली टोपली तिथेच ठेवून बाहेर पडायचा. चाहत्यांची पत्रं यायची, ती उघडायची त्याला छाती होईना. आत कौतुक असणार, आणि ते हेनिंगचं. पाकिटावरचा पत्ता बघून तो आपला सही केलेला फोटो धाडून देई. खाली ठरलेलं एक वाक्य असे: ‘हे गाणं तुमचंच आहे.’ लिक्सेले गावच्या कुणा बाईंची तर तीन पाकिटं आली. त्यांना तीन फोटो गेले.

हेनिंगने मात्र नावाचा विषयसुद्धा काढला नाही. एक दिवस स्टुडिओची किल्ली टेबलावर ठेवली आणि एका शाळेत संगीत शिकवायला लागला. तो भांडला असता तर टूरेला बरं वाटलं असतं.

“हेनिंग,” टूरे म्हणाला, “मी चोर आहे.”

पट्टीचा आवाज थांबला.

टूरेने सगळं सांगून टाकलं. पुसलेली गुणगुण, एकट्याचं नाव, सगळं. मग खिशातून कागद काढला. “यात तुझं नाव घातलंय. आधी तुझं, मग माझं. हवं तर माझं खोडून टाक. नुसती सही कर.”

“नको.”

“चीड, शिव्या घाल, पण सही कर रे!”

“मी चिडलेलोच नाही. खोलीत तू होतास, मी नव्हतो. रीत ती रीत.”

“चुलीत गेली रीत! चाल तुझी होती!” टूरे ओरडला. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला आपण फसवलं, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. “तू घेणार नसशील तर मीच उद्या वर्तमानपत्रात देतो. चाल हेनिंगची आहे म्हणून.”

हेनिंग पांढराफटक पडला. “नाही! कृपा कर, असलं काही करू नकोस.”

“अरे, पण का?”

हेनिंग बोटीला पाठ टेकून मटकन खाली बसला. तो पट्टीला लागलेला रंग बोटाने पुसू लागला.

“त्या मंगळवारी एब्बाला आणायला सोल्वेगच गेली होती,” तो म्हणाला. “मी तासभर पुलावर उभा होतो. तुझं गाणं होईस्तोवर.”



हेनिंगने मान वर न करता विचारलं, “लिक्सेलेच्या एका बाईंचं गाणं मी नाकारलं होतं. त्यांचं पत्र आलं का रे तुला?”