दुसरा आकडा

उपाशीपोटीची साखर एकशे दहा निघाली, तसा हिंदुराव वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. दोन दिवस भात सोडला होता, पेढ्यांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पायाच्या अंगठ्याची जखम तेवढी भरत नव्हती.

"हा आजचा आकडा झाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरी तपासणी बघा. सातच्या आसपास हवी, ती साडेनऊ आहे. साखर रक्तातल्या पेशींना चिकटून राहते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत काय चाललं होतं ते हिच्यात कळतं. दोन दिवसांच्या पथ्याला ही फसत नाही. असंच चाललं तर अंगठा गमवाल."

वस्तादांची मान खाली गेली. कालच त्यांनी तौफिकला तालमीतून हाकललं होतं. वर्षभर उंडारून जत्रेच्या तोंडावर जोर मारायला आला होता पठ्ठ्या. "आठ दिवसांच्या मेहनतीवर मैदान मारता येत नाही," असं त्याला चारचौघांत सुनावलं होतं.

दवाखान्यातून ते लंगडत थेट तौफिकच्या दारात गेले. त्यांना बघून तो गडबडून उठला.

"उद्या पहाटं तालमीत ये. ह्या जत्रंचं सोड, पुढच्या मैदानाची तयारी करू. तू जोर-बैठका चुकवायच्या नाहीत, मी गोळी आन् पथ्य चुकवायचं नाही. तीन महिनं एकमेकांवर नजर ठेवायची."

"पण वस्ताद, कालच तर हाकललंसा मला!"

"काल माझा रिपोर्ट आला नव्हता."