पक्क्या शाईचा पेन

बुडणारं जहाज कप्तानानं सोडायचं नसतं, हा समुद्राचा जुना धर्म आहे. वेंडेल प्रॉक्टर तो कसोशीनं पाळणार होता. त्याची शिडाची होडी धक्क्याला बांधलेली होती आणि गेल्या नऊ वर्षांत ती तिथून दोनदाच सुटली होती. त्यातही एकदा चुकून.

यंदाच्या चक्रीवादळाचं नाव वर्ना. एखाद्या ग्रंथपालबाईंना शोभेल असं. ती पहाटे खाडीच्या तोंडाशी येणार होती आणि पाणी बारा फूट चढणार होतं. धक्क्यावरची बाकीची मंडळी आपापल्या होड्या बांधून सकाळीच गेली होती. वेंडेल मात्र दुपारपर्यंत खपत होता. एकाहत्तर वर्षांचा, जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस; चौदा दोर त्यानं कोनमापक लावल्यासारखे बांधले होते. शिडं उतरवली होती. दोर जिथं घासतील तिथं आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपाचे तुकडे चढवले होते. पाण्याबरोबर होडीला वर यायला जागा हवी, म्हणून प्रत्येक दोराला ढील ठेवली होती. आता वारा फिरेल तशी ती ढील कुणीतरी कमीजास्त करायला हवी होती. कुणीतरी म्हणजे आपण, असं त्यानं जेवताना बायकोला सांगून टाकलं.

लोरेन मांजर पुलापलीकडे बहिणीकडे पोचवून आली, सोबत घडीची खुर्ची घेऊन आली आणि होडीसमोर धक्क्यावर ती उघडून बसली.

तीन वाजता शेरीफच्या कचेरीतला डॅनी फुएन्तेस आला. पाचला पूल बंद होणार, असं त्यानं सांगितलं. वेंडेलनं त्याला चौदा दोरांची रचना समजावून दिली. डॅनीनं ती दहावीत ऐकायचा तशीच ऐकली, म्हणजे मान हलवत. मग खिशातून जाड काळा पेन काढला.

"राहायचं तर राहा, सर. जबरदस्ती मी करू शकत नाही. फक्त हातावर नाव, जन्मतारीख आणि कुणाला कळवायचं त्याचा फोन नंबर लिहून ठेवा. मोठ्या अक्षरांत."

"कशाला?"

"नंतर आम्हाला सोपं जातं."

ही घाबरवायची जुनी युक्ती आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. वेंडेलनं बाही सारली आणि फळ्यावर लिहावं तसं ठसठशीत लिहिलं. नाव. तारीख. नंबर. टोपण लावून पेन परत केला.

लोरेन खुर्चीतून उठली आणि तिनं चष्मा लावून त्याचा हात वाचला.

"हा तर माझा नंबर," ती म्हणाली. "मी इथं तुझ्याबरोबर असणार. मग फोन उचलायचा कुणी?"

डॅनी पाण्याकडे बघू लागला.

"लोरेन, वेडेपणा करू नकोस. तू घरी जा."

"घर चार गल्ल्यांवर आहे. बारा फुटांत तेही येतं. गणित तुझं, मला कशाला विचारतोस?" तिनं डॅनीच्या हातातला पेन घेतला, वेंडेलपुढे धरला आणि बाही वर केली. "माझं तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

वेंडेलनं तिचं मनगट धरलं. कातडी सैल झाली होती, पेन सरळ जाईना. अंगठ्यानं ती ताणून धरावी लागली. दोन अक्षरं लिहून झाली. तिसऱ्याला पेन टेकवला आणि तो तसाच थांबला. वारा अजून फारसा सुटला नव्हता. डोलकाठीवर कुठलासा दोर टक् टक् वाजत होता.

"पूल नक्की पाचलाच बंद होतो?" त्यानं डॅनीला विचारलं.

"पाचला, सर."

वेंडेलनं टोपण लावलं. होडीवर जाऊन, मुळात घट्ट असलेली एक गाठ पुन्हा घट्ट केली. मग खाली येऊन लोरेनची खुर्ची घडी करून काखेत मारली.

वर्ना रात्रीतून वळली आणि नव्वद मैल दक्षिणेला जाऊन आदळली. तिथं काय झालं ते दिवसभर टीव्हीवर दाखवत होते. इकडे वारा जमिनीकडून आला आणि त्यानं खाडीतलं पाणीच समुद्रात लोटून दिलं. ती दोघं परतली तेव्हा खाडीत पाणी नव्हतं. होडी चिखलात एका कुशीवर टेकून होती. चौदाच्या चौदा दोर जागच्या जागी होते. कुठं ओरखडाही नव्हता.

पाणी संध्याकाळी आपणहून परत आलं. लोरेनच्या हातावरची दोन अक्षरं जायला सोळा दिवस लागले.