टाकीमागचा जोड

पेट्रोलच्या पारदर्शक नळीत पुन्हा बुडबुडा आला.

"आला बघ," नवरा म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

शेडच्या दारात दोन सीटांचं छोटं विमान उभं होतं. पंख अजून भिंतीला टेकवून ठेवलेले. गल्लीत सगळे नवऱ्याला पायलटसाहेब म्हणत. साहेबांचं विमान अजून जमिनीवरून वीतभरही उठलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, खाली. पंप पुढे, वर. पंपानं पेट्रोल ओढायचं आणि इंजिनाला द्यायचं, एवढंच काम. पण पेट्रोलबरोबर कुठून तरी हवा येत होती आणि इंजिन आचके देत होतं. जमिनीवर आचके म्हणजे नुसता वैताग. वर आचके म्हणजे खेळ खलास. महिनाभर तो याच्याच मागे लागला होता. पंप बदलला, फिल्टर बदलला, इंजिनाच्या धगीनं पेट्रोल उकळत असेल म्हणून नळीला जाड कापड गुंडाळलं. बुडबुडा आपला जावयाच्या थाटात हजर.

बायको स्टुलावर बसून हत्यारं पुसत होती. पुसलेलाच पाना ती पुन्हा पुसत होती.

"टाकीमागचा जोड बघितलात का?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"तो कशाला बघू? तो तू आवळलायस."

टाकीच्या मागे त्याचा पंजा शिरत नसे. तिचा हात बारीक, म्हणून तिथली नळी आवळून धरणारी पट्टी तिनंच बसवली होती. आणि एका दुपारी तो जेवायला गेला असताना तिनंच त्या पट्टीचा स्क्रू जरा सैल केला होता. तिथला जोड सैल असला तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, हे त्यानंच तिला मोठ्या कौतुकानं शिकवलं होतं. उडणं लांबेल, मग याचं वेड उतरेल, इतकाच तिचा विचार. साध्या शिडीवरून पडून पाय मोडून घेतलेला माणूस आकाशात जाणार म्हटल्यावर तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

नवरा खाली जमिनीवर बसला. "विकून टाकतो," तो म्हणाला. "उद्या सांगतो त्या फ्लाइंग क्लबवाल्याला, घेऊन जा म्हणून."

"असं काय एकदम?"

"आयुष्यभर लोकांची इंजिनं नीट केली. स्वतःच्या नळीतला बुडबुडा काही निघेना. हातातलं कसब गेलं आता, आणखी काय."

हेच तर तिला हवं होतं. आता गप्प बसलं की झालं. पण तो आपले काळे हात उलटसुलट करून बघत होता. या माणसाचं आपण हे काय करून ठेवलं, असं तिला झालं.

ती उठली, स्क्रूड्रायव्हर घेऊन सीटमागे वाकली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मग बाहेर येऊन बाजूला उभी राहिली.

"लावा."

इंजिन सुरू झालं. त्यानं वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. नळीतून पेट्रोल सलग वाहत राहिलं. त्यानं इंजिन बंद केलं, पण तो हसला नाही.

"सैल होता?"

"हो."

"आपोआप झाला?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा तिला कधी मिळाली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "मी केला. मला भीती वाटते हो, तुमच्या जिवाची."

तो जाऊन टॉर्च घेऊन आला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग त्यानं टॉर्च तिच्या हातात दिला.

"धर. टाकी बाहेर काढू. तू लावलेले सगळे जोड मला बघायला लागतील."

"बाकीचे मी नीट लावलेत. खरंच."

"असतील."

टाकी निघाली. तो एकेक जोड बोटांनी चाचपत, पाना लावून बघत पुढे सरकू लागला. ती उजेड धरून उभी राहिली. प्रत्येक जोडाशी तो हळूच म्हणे, "हा घट्ट आहे," आणि दर वेळी तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.