धुराचं गाव

गच्चीवर कुरडया घालताना धुराने घसा खवखवला, तशा रेवतीकाकू शेजारच्या गच्चीकडे बघून कडाडल्या, "शेलारभाऊ, पुन्हा पाचोळा पेटवलात ना?"

शेलारांनी धूर कुठला ते ओळखणारं आपलं धूरयंत्र पुढे केलं. "चीडवृक्षाचा धूर," यंत्र हवा हुंगून म्हणालं. "हिमालय. भैरूखाल गावचं जंगल."

काकू वरमल्या. मग धूर आला की सगळेच करतात, तसा त्यांनीही त्या गावाला फोन लावला. "तुमचा धूर आमच्याकडे आलाय. सुखरूप आहात ना?"

"आग काल विझली, ताई," फोनने मराठीत आणलेला एका बाईचा थकलेला आवाज आला. "परवा तुमचं आभाळ मोकळं होईल. तोवर लेकरांना घरात ठेवा."

रान त्यांचं जळलं, आणि काळजी आमची! काकूंनी डोळे पुसले.

"शेलारभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "कुरडयांचा चीक अजून गरम आहे. खायला या."