उरलेलं पिल्लू

"पिल्लाचं लिव्हर भरून आलंय," रिपोर्ट टेबलावर ठेवत प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात आनंद असायला हवा होता. पण दिवसभराच्या पेशंटांनी तो पार पिळून काढला होता.

समोरच्या काकांचा चेहरा मात्र उजळला. "मग नेऊ घरी?"

"नाही काका. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अजून फारच कमी आहेत. साधी सर्दी झाली तरी झेपायची नाही त्याला. लस दिली तरी अंगी लागणार नाही."

आतल्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात, पिल्लू शेपूट हलवत होतं. तीन पिल्लांतलं हे एकच उरलं होतं. अंग गरम लागलं म्हणून घरी काकूंनी तिघांनाही माणसांची तापाची गोळी, कुत्र्यांना विषासारखी, दुधातून चारली होती. मायेनंच.

"घरी काकू तुमची जेवत नाहीये हो," काका हळूच म्हणाले. "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. असं करा ना, ती दोन्ही पिल्लं तापानंच गेली म्हणून फोनवर सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल तिला."

बाईंनी डोळे चोळले. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी फोन लावला.

फोन उचलल्यावर काकूंनी कसं काय, बरं आहे ना, काही केलं नाही. "गोळीनंच ना?"

काका डोळ्यांनी विनवत होते.

"हो काकू. गोळीनंच."

पलीकडे काकूंनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"आणि उरलंय त्याला काय लागतं आता?"

"ऊब. आणि शेजारी कुणीतरी. दुसऱ्या जनावरांचा वारा लागू द्यायचा नाही."

"येते."

आल्या, त्या केसही न विंचरता. हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, परत धुतले. मग पिल्लाला मांडीवर घेतलं. काकांनी बिस्किट पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पण खाल्लं नाही, तसंच धरून बसल्या.

"लिव्हर सुधारलं, मग हे का अडलंय?"

"लहान आहे ना. रोगाशी झुंजायचं बळ आत्ता कुठे अंगात तयार होत होतं, तेवढ्यात घाव बसला. मोठं कुत्रं असतं तर एव्हाना सावरलंही असतं."

"येईल ते बळ?"

"येईलच असं नाही सांगत, काकू."

काकूंनी मान हलवली. निदान ही तरी खरं बोलतेय, अशी.

दवाखाना बंद करायची वेळ झाली होती. बाईंनी पर्स खांद्याला लावली, दिव्याच्या बटणाकडे हात नेला. आणि पिल्लू शिंकलं. एकदाच.

काकूंनी वर पाहिलं.

बाईंनी पर्स खाली ठेवली, दुसरं स्टूल ओढलं. मग दोघी कान देऊन बसल्या, दुसरी शिंक येते का ते ऐकत.