एकच भाकरी

उद्या रेवती सरंजामे मंत्रिपदाची शपथ घेणार होती आणि आज ती केरबाच्या ओट्यावर बसून त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

हालात दिवस न काढलेल्याला मंत्री होता येत नाही, असा कायदा होता. ज्याचं सगळं सुखात गेलं, त्याने दुसऱ्याच्या हालाच्या दिवसांच्या आठवणी डोक्यात भरून घ्यायच्या. रेवतीला केरबाच्या बायकोची, हौसाची, दुष्काळातली दोन वर्षं मिळाली होती. हौसाने मरण्याआधी ती दवाखान्यात देऊन टाकली होती.

"तलावाच्या कामावर घरटी एकच भाकरी मिळायची," रेवती म्हणाली. "ती तुम्ही खायचात."

"दोन मिळायच्या. रांगेत हौसा जायची. येताना म्हणायची, मी खाल्ली, तुम्ही खा."

"एकच होती, काका."

"तुम्हाला काय ठाऊक? तेव्हा तुमचा जन्म तरी झाला होता का?"

रेवतीने आपल्या कपाळाला बोट लावलं. केरबाला काही सुधरेना. रागवावं तर कुणावर? माफी मागावी तर समोर ही परकी पोर, आणि उपाशी राहिलेली तर गेली. तो उठला आणि भाकरी-ठेचा तिच्यापुढे ठेवला.

"खाऊन घ्या, बाईसाहेब."

"मी खाल्ली, तुम्ही खा," रेवती म्हणाली आणि स्वतःच दचकली. "सकाळपासून मी काहीच खाल्लेलं नाही. मग असं का म्हणाले?"

केरबाने भाकरी मोडली, मोठा तुकडा तिच्या हातात दिला, आणि तिने तो चावून गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसला.