गरुडाचा डोळा

मैनाने गरुड टेबलावर ठेवला आणि नितेशच्या तोंडचं पाणीच पळालं.

पेणच्या बाजारात, स्टेशनरीच्या दुकानावरचा हॉल. पत्त्यांच्या स्पर्धेची शेवटची फेरी. पत्ते म्हणजे रमी-तीन पत्तीचे नव्हेत हो. हे पाकिटातून निघणारे, चित्रांचे. पोरं पाकिटं फोडफोडून राक्षस, पक्षी, योद्धे जमवतात आणि एकमेकांशी लढवतात. टेबलाभोवती सगळे मुलगेच. त्यांत ही एकटी मुलगी, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावची, नखांत अजून मूर्तीचा गुलाबी रंग. तिच्या गरुडाला नितेशकडे उत्तर नव्हतं. पुढच्या डावात तो संपणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. आणि जिंकणारा मुंबईच्या फेरीला जाणार होता.

मैनाला जायचंच होतं. गणपती तोंडावर आलेले, घरच्या कारखान्यात मूर्ती डोळे रंगवायच्या खोळंबलेल्या, तरी आईने हा एक रविवार कसाबसा सोडला होता. "जिंकलीस तर जा मुंबईला, मी आडवी येनार नाय," आई म्हणाली होती. "पन हरलीस तर ते पत्ते चुलीत. परत नाव काढायचं नाय गो." आई बोलली म्हणजे बोलली.

नितेशने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि हात वर केला.

"मॅडम, जरा बघता का? हिचा गरुड मला बरोबर वाटत नाय."

नमिता मॅडम पंच म्हणून पनवेलहून आल्या होत्या. त्यांनी पत्ता प्लास्टिकच्या कव्हरातून काढला आणि ट्यूबलाइटखाली धरला.

मैना निवांत होती. तिच्या मनात पाप असतं तर घाबरली असती ना! गेल्याच आठवड्यात सराव करताना याच नितेशने तिला दाखवलं होतं, की गरुडावर घडी पडलीय आणि नेमकी डोळ्यावरच पांढरी रेघ उमटलीय. "असला भंगलेला पत्ता घेऊन फायनलला बसनार?" तो म्हणाला होता. "जोह्याची ना तू?"

जोह्याच्या माणसाला एवढं बोललं की संपलंच. तिथे मूर्तीच्या बोटाचा टवका उडाला तरी ती दाराबाहेर जात नाही. भरायचं, घासायचं, रंगवायचं, मगच द्यायची. आणि डोळा? अर्धा डोळा तर कोणी नजरेसमोरही ठेवत नाही. मैनाने घरी गेल्या गेल्या बारीक ब्रश घेतला आणि गरुडाचा डोळा पुन्हा काढला. किती बरं वाटलं होतं तिला तेव्हा!

"हा डोळा कोणी काढला?" मॅडमनी विचारलं.

"मी." मैना हसली. वेडी कुठली! तिला वाटलं, कौतुक चाललंय. "आमच्या कारखान्यातले सगळे डोळे मीच काढते, मॅडम."

"तरीच. छापलेला डोळा असा बघत नाही." मॅडमनी बाटलीतल्या पाण्याने रुमालाचं टोक भिजवलं आणि चित्रावरून फिरवलं. डोळा रुमालावर आला. खाली घडीची पांढरी रेघ तशीच होती.

"पत्ता पाकिटातून निघाला तसाच लागतो. वरून रंगवलेला पत्ता म्हणजे फसवणूक. तू बाद आहेस. आणि वर्षभर कुठल्याच स्पर्धेत तुला नाव देता येणार नाही."

"पन तो भंगलेला व्हता, मॅडम!"

"असू दे की. घडी पडलेला चालतो, वर कव्हर असतंच. अगं, तसाच आणायचा होतास."

मागून कोणीतरी "चीटर, चीटर" म्हणालं आणि हॉल खिदळला. एकाने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. लाज नाही मेल्यांना! मैनाचे कान तापले. ती फक्त नितेशकडे बघत होती.

"तुला माहीत व्हतं," ती म्हणाली.

"खेळ हाय. मनाला लावून घेऊ नको." नितेश आपले पत्ते गोळा करत होता. त्याच्या सगळ्यात वरच्या पत्त्याचा कोपरा पार झिजून पांढरा पडला होता. त्याला त्याने कधी रंगाचं बोट लावलं नव्हतं.

मग टाळ्या झाल्या. नितेशने कप छातीशी धरून फोटो काढून घेतले, मॅडमबरोबर, दुकानदाराबरोबर, दोस्तांबरोबर. मैना पत्ते पिशवीत भरत होती. आता ते चुलीतच जाणार होते, तरी तिने ते नीट, एकाच बाजूला तोंड करून लावले. गरुड तिने सगळ्यांच्या खाली ठेवला.

ती जिन्याकडे निघाली तेव्हा नितेशने तिला हाक मारली. कप अजून काखेतच होता.

"अगं मैना, आमचा गनपती तयार ठेव. पप्पा बुधवारी न्यायला येतील. आनि डोळे तूच काढ हां, दर वर्षीसारखे. आजीला दुसऱ्या कोनाचे चालत नाय."

त्याचे दोस्त पुन्हा हसले. आता ही रडणार, असं वाटून एकाने परत मोबाइल वर केला.

मैनाने नखातला गुलाबी रंग दुसऱ्या नखाने उकरून काढला.

"काढीन की," ती म्हणाली. "तू दारातून ये, नायतर खिडकीतून ये. दहाच्या दहा दिवस तुझ्याकडंच बघतील असे काढीन."